बेट बुडालं, भांडण तरंगत राहिलं

आजचा भाग ऐकताना फोनवर नकाशा उघडून ठेवा. प्रवासात असाल तर घरी पोचल्यावर बघा. पश्चिम बंगालच्या अगदी खालच्या टोकाला सुंदरबन शोधा. तिथे हरियाभांगा नावाची नदी समुद्राला मिळते. नदीच्या एका काठावर भारत, दुसऱ्या काठावर बांगलादेश. आता तिच्या मुखापासून साधारण दोन किलोमीटर खाली समुद्रात या. काय दिसतं? नुसतं पाणी.

मे 1981 मध्ये याच पाण्यात भारत आणि बांगलादेश यांची जहाजं समोरासमोर उभी होती. कारण काय, तर एक बेट. आज ते बेट जागेवर नाही.

नोव्हेंबर 1970 मध्ये बंगालच्या उपसागरात भोला चक्रीवादळ आलं. तीन ते पाच लाख माणसं गेली असा अंदाज आहे. त्या वादळानंतर हरियाभांगाच्या मुखाशी गाळाचा एक उंचवटा वर आलेला लोकांच्या लक्षात आला. 1974 मध्ये अमेरिकी उपग्रहाच्या चित्रात तो स्पष्ट दिसला. झाड नाही, घर नाही, प्यायला पाणी नाही आणि उंची फार तर दोन मीटर. कोकणात राहिलेल्यांना सांगायला नको, खाडीच्या तोंडाशी असे वाळूचे पट्टे येतात आणि जातात. पण हा पट्टा दोन देशांच्या मधोमध आला आणि लगेच त्याचं बारसं झालं. भारताने त्याला न्यू मूर म्हटलं, पश्चिम बंगालमध्ये पूर्बाशा हे नावही चाललं. बांगलादेशाने नाव ठेवलं दक्षिण तालपट्टी.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चिखलासाठी कोण कशाला भांडेल? भांडण चिखलाचं नव्हतंच. किनाऱ्यावरची सीमा जिथे संपते, तिथून समुद्रातली सीमा सुरू होते. जमिनीवरचा शेवटचा खुंटा थोडा इकडेतिकडे झाला, की समुद्रात खोलवर जाईपर्यंत तो फरक वाढत वाढत हजारो चौरस किलोमीटरचा होतो. त्या पाण्यात मासळी आहे आणि तळाशी तेल आणि वायू सापडण्याची आशा आहे. बांगलादेशाने 1974 मध्ये आपल्या सागरी हद्दीचा कायदा केला, भारताने 1976 मध्ये. बेट वर आलं ते नेमकं अशा वेळी.

आणि हा खुंटा कुणी ठोकला होता? सिरिल रॅडक्लिफ. जुलै 1947 मध्ये भारतात पहिल्यांदा पाऊल ठेवलेला इंग्रज वकील. त्याने ठरवलेली इथली सीमा नदीच्या मुख्य प्रवाहाच्या मध्यातून जाते, आणि तोही 'त्या त्या वेळचा' मुख्य प्रवाह, असे तिच्या वर्णनात शब्द आहेत. मला विचाराल तर सगळी गोची या शब्दांत आहे. सुंदरबनातल्या नद्या दर पावसाळ्यात गाळ आणून टाकतात, वाट बदलतात. मुख्य प्रवाह कुठला हे ठरवायचं कसं? भारत म्हणायचा, मुख्य प्रवाह बेटाच्या पूर्वेकडून जातो, म्हणून बेट आमचं. बांगलादेश म्हणायचा, तो पश्चिमेकडून जातो, म्हणून आमचं. दोघांचा नियम एकच होता आणि नदीही एकच होती. फक्त पाणी कुठून वाहतं यावर एकमत नव्हतं.

1981 मध्ये भारताने आपलं आयएनएस संधायक हे जहाज तिकडे पाठवलं. संधायक सर्वेक्षणाचं जहाज, त्याच वर्षी फेब्रुवारीत नौदलात दाखल झालेलं, कोलकात्यात बांधलेलं. बेटावर भारताचा झेंडा लागला, सीमा सुरक्षा दलाचे जवान काही काळ तिथे राहिले. ढाक्यात संताप उसळला. बांगलादेशाने गनबोटी पाठवल्या. भारताचं म्हणणं, आमचं जहाज मोजमाप करायला आलंय. बांगलादेशाचं म्हणणं, नौदलाचं जहाज ते नौदलाचं जहाज.

यातली खरी टोचणी लक्षात घ्या. जेमतेम दहा वर्षांपूर्वी, 1971 मध्ये, याच उपसागरात विक्रांतवरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले होते, बांगलादेश स्वतंत्र व्हावा म्हणून. मधल्या काळात शेख मुजीब मारले गेले होते, ढाक्यात झिया उर रहमान राष्ट्राध्यक्ष होते आणि दिल्लीत इंदिरा गांधी परत आल्या होत्या. दोन्हीकडे माघार घेणं अवघड. तरी गोळी सुटली नाही. जहाजं परत गेली, वाद तसाच राहिला. त्याच महिन्याच्या 30 तारखेला चितगावमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी झियांचा खून केला. त्याचा या बेटाशी संबंध नाही, पण ढाक्याचं सगळं लक्ष तिकडे वळलं.

मग जवळजवळ तीस वर्षं नुसत्या बैठका. तोवर समुद्राने आपलं काम केलं. 2010 मध्ये जादवपूर विद्यापीठातले समुद्रविज्ञानाचे प्राध्यापक सुगत हाझरा यांनी उपग्रहाची चित्रं तपासून सांगितलं की न्यू मूर पाण्याखाली गेलंय. 'हवामान बदलाने सीमावाद सोडवला' अशा बातम्या तेव्हा जगभर झळकल्या. मथळा झकास होता, पण वाद काही सुटला नव्हता. बेट गेलं तरी रेषा काढायची राहिलीच होती.

ती रेषा शेवटी निघाली कशी, हे समजायला जरा पूर्वेकडे सरकावं लागेल. नोव्हेंबर 2008 मध्ये म्यानमारने वादग्रस्त पाण्यात, सेंट मार्टिन बेटाच्या नैर्ऋत्येला, दक्षिण कोरियाच्या दाएवू कंपनीकडून वायूचा शोध सुरू केला. सोबत युद्धनौका होत्या. बांगलादेशानेही आपल्या युद्धनौका पाठवल्या. काही दिवस दोन्हीकडचे खलाशी एकमेकांना दुर्बिणीतून बघत बसले, पडद्यामागे चीनशीही बोलणी झाली आणि खोदकामाचं सामान मागे गेलं. ढाक्याला कळून चुकलं की दरवेळी जहाजं पाठवणं परवडणारं नाही. 8 ऑक्टोबर 2009 रोजी बांगलादेशाने म्यानमार आणि भारत या दोघांविरुद्ध एकदमच समुद्रकायद्याखाली दावा लावला. दोन मोठ्या शेजाऱ्यांवर एकाच दिवशी! हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वात धाडसाचं पाऊल वाटतं.

त्यांची अडचण अशी. बाजारात तीन दुकानं शेजारी शेजारी आहेत आणि मधलं थोडं आत आहे. रस्त्यावर समसमान अंतराच्या रेषा काढल्या, तर दोन्ही बाजूंच्या रेषा मधल्याच्या पुढ्यात येऊन मिळतात आणि त्याच्या वाट्याला एक त्रिकोण उरतो. बांगलादेशाचा किनारा असाच आत वळलेला आहे. म्हणून त्याने समान अंतर नको, न्याय्य वाटप हवं अशी मागणी केली. 1969 मध्ये जर्मनीने उत्तर समुद्राच्या खटल्यात हीच तक्रार मांडली होती आणि ती ऐकली गेली होती.

म्यानमारचा निकाल 14 मार्च 2012 रोजी हँबुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने दिला. भारताचा निकाल 7 जुलै 2014 रोजी हेगच्या लवादाकडून आला. त्याआधी, ऑक्टोबर 2013 मध्ये, लवादाचे सदस्य स्वतः सुंदरबनात येऊन पाहून गेले. समुद्रातली रेषा मोजायला न्यू मूर हा आधारबिंदू धरा, असं भारताचं म्हणणं होतं. पण ओहोटीलाही तो उंचवटा खरंच पाण्याबाहेर येतो का, हेच सदस्यांना दिसेना. आधारबिंदू नाकारला गेला. आणि 'त्या त्या वेळचा' प्रवाह म्हणजे कधीचा? लवाद म्हणाला, 1947 चा. आजची नदी कुठूनही वाहो.

निकालाची गंमत बघा. नदीचा खुंटा भारताच्या मागणीच्या जवळ ठोकला गेला, त्यामुळे न्यू मूरची जागा भारताच्या हद्दीत आली. पण पुढे समुद्रात लवादाने रेषा 177.5 अंशांवर, म्हणजे जवळजवळ सरळ दक्षिणेला नेली. बांगलादेशाने 180 मागितले होते. वादातल्या 25,602 चौरस किलोमीटरपैकी 19,467 बांगलादेशाला मिळाले. म्हणजे आपल्याला बुडालेलं बेट मिळालं आणि त्यांना समुद्राचा मोठा वाटा. तरी ढाक्यात विरोधी पक्षाने 'तालपट्टी घालवली' म्हणून सरकारला झोडपलं. नाव किती चिवट असतं, नाही का? भारताने निकाल मानला. मोठ्या देशाने लहान शेजाऱ्याविरुद्धचा असा निकाल मुकाट मानणं दुर्मीळ आहे. दक्षिण चीन समुद्राचा 2016 चा निकाल चीनने धुडकावून लावला, हे आठवा.

सीमा ठरली, पण पाण्यावर ती दिसत नाही. हिल्सा आणि बाकीची मासळी प्रवाहाबरोबर फिरते, तिच्यामागे काकद्वीप आणि नामखान्याचे ट्रॉलर जातात. इंजिन बंद पडलं, धुकं आलं, की ट्रॉलर पलीकडे वाहून जातो आणि माणसं महिनोन्‌महिने तुरुंगात. तिकडचे मच्छीमार इकडे असेच अडकतात. जानेवारी 2025 मध्ये दोन्ही देशांनी पकडलेले मच्छीमार परत केले: बांगलादेशाने 95, भारताने 90. भर समुद्रात, त्याच सीमारेषेवर, तटरक्षक दलांच्या जहाजांमधून त्यांची अदलाबदल झाली.