वन्यजीव व्यवस्थापन व लोकसहभाग : महाराष्ट्रातील माळप्रदेश

वन्य प्राणी, त्यांचा अधिवास आणि त्याच भूमीवर उपजीविका करणारा माणूस यांचे परस्परसंबंध नियोजनपूर्वक राखणे, म्हणजे वन्यजीव व्यवस्थापन होय. घनदाट अरण्यात या कार्याचा भर अधिवासाच्या रक्षणावर असतो. परंतु जेथे वन नाममात्र आहे, तेथे त्याचे यश शेतकरी व पशुपालक यांच्या सहकार्यावर अवलंबून राहते. परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्याचा परिसर दुसऱ्या प्रकारात मोडतो. गोदावरी खोऱ्यातील काळ्या जमिनीचा हा भाग मुख्यत्वे लागवडीखाली असून जिल्ह्यातील वनक्षेत्र अत्यल्प आहे. साहजिकच जिल्ह्यात काळवीट, रोही (नीलगाय) व रानडुक्कर यांचा वावर ज्वारी, हरभरा, तूर, सोयाबीन यांच्या शेतांतून होतो. राखावयाचा अधिवास येथे कोणाच्या तरी सातबाऱ्यावर नोंदलेला असतो. अशा प्रदेशात काय घडते, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण मराठवाड्यालगतच्या माळढोक अभयारण्याच्या इतिहासात सापडते.

पूर्वपीठिका : दख्खनच्या पठारावरील उघडे माळ हे पूर्वापार चराईचे क्षेत्र होते. धनगरांचे कळप, त्यांच्या मागावर असणारा लांडगा आणि काळविटांची खांडे यांचे जीवन या गवतावर चाले. फासेपारधी जाळी व फासे लावून तितर, लावे व हरणे धरीत आणि त्यांवर गुजराण करीत. प्राण्यांच्या सवयींचे त्यांचे ज्ञान सूक्ष्म होते. कोल्हापूरसारख्या संस्थानांत काळविटांची शिकार पाळीव चित्त्यांकडून करवीत. राजाची शिकार हा छंद व पारध्याची शिकार हा अपराध, असा भेद पुढे रूढ झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेत पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला. त्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने (१९७२) शिकारीवर बंदी घातली. तिची आवश्यकता निर्विवाद होती. तथापि या लोकांना पर्यायी उपजीविका त्यासोबत मिळाली नाही.

माळढोक अभयारण्य : सत्तरीच्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नज (ता. उत्तर सोलापूर) येथील माळावरील माळढोक पक्ष्यांकडे लक्ष वेधले. या पक्ष्याची मादी साधारणपणे एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. त्यामुळे चराई, नांगरट व शिकार यांपासून त्यास सतत धोका असतो. १९७९ मध्ये शासनाने सोलापूर व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यांतील ८,४९६ चौ. किमी. क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले. हे क्षेत्र आजच्या संपूर्ण परभणी जिल्ह्याहून मोठे होते. त्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन थोडी, तर खाजगी शेते, गावठाणे व बाजारपेठेची गावे पुष्कळ होती.

हेतू उदात्त असला, तरी सीमारेषा नकाशावर आखली गेली. गावांचा विचार घेतला गेला नाही. जमिनीची खरेदी-विक्री, बांधकाम, खाणकाम यांवरील निर्बंधांची झळ बसू लागल्यावर, ज्याने माळढोक कधी पाहिलाही नव्हता अशा शेतकऱ्याच्या दृष्टीने तो पक्षी अडचणीचे कारण ठरला. संरक्षणामुळे वाढलेली काळविटे उभ्या पिकात शिरत. याच काळात उजनी धरणाच्या पाण्याने सोलापूर जिल्ह्यात ऊस वाढला. द्राक्षाची ‘सोनाका’ ही प्रसिद्ध जात नान्नजच्याच नानासाहेब काळे यांनी निवडीतून विकसित केली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने हा उत्कर्ष होता. माळढोकाच्या दृष्टीने तो माळाचा ऱ्हास होता. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या होत्या.

दीर्घकालीन तक्रारींनंतर २०१२ मध्ये अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. किमी. इतके मर्यादित करण्यात आले. लोकांना दिलासा मिळाला. पक्ष्याला मात्र तोवर उशीर झाला होता. देशातील माळढोकांची संख्या आता दीडशेच्या आत मानली जाते व त्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. महाराष्ट्रात त्याचे दर्शन अतिदुर्मिळ झाले आहे.

नंतरच्या तरतुदी : अधिनियमातील २००२ च्या दुरुस्तीने खाजगी वा सामुदायिक जमिनीवर, मालकांनी स्वेच्छेने पुढाकार घेतल्यास, ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ निर्माण करण्याची सोय झाली. वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकहानीबद्दल राज्य शासन भरपाई देते. रोही व रानडुक्कर यांच्या उपद्रवाबाबत विहित परवानगीने उपाय योजता येतात. काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यास पूर्ण संरक्षण आहे. तथापि पंचनाम्यातील विलंब आणि रात्रीच्या राखणीचे कष्ट यांची मोजदाद भरपाईत होत नाही. थंडीच्या रात्री हरभऱ्याच्या शेतात जागणारा शेतकरी वन्यजीवरक्षणाचा खर्च प्रत्यक्षात स्वतः सोसत असतो.

सोनपेठसारख्या भागात माळढोकाच्या इतिहासाचे महत्त्व या दृष्टीने आहे. विस्तीर्ण क्षेत्र कागदावर राखण्यापेक्षा गायराने, नदीकाठ व पडीक जमिनी यांचे लहान तुकडे गावांच्या संमतीने राखणे आणि हानीची भरपाई वेळेवर देणे हे अधिक टिकाऊ ठरण्याचा संभव आहे. शेतात प्राणी राहू द्यावयाचा की नाही, हे अखेरीस शेतकरीच ठरवितो. म्हणून निर्णयातही त्याचा वाटा असावा लागतो.