वेताळाचे कपडे

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी आठवीच्या वर्गात एका मुलाच्या बाकाखालून एक कॉमिक्स जप्त केले. मराठीचा तास होता. फळ्यावर मी विभक्तीचे प्रत्यय लिहीत होते आणि हा पठ्ठ्या खाली मान घालून मुंबईच्या छपरांवरून उड्या मारीत होता! तास संपल्यावर तो जिन्यापर्यंत माझ्यामागे आला आणि म्हणाला, "बाई, परत द्यायची घाई नाही. पण आधी तुम्ही वाचा, आणि मग ते वाईट आहे का ते सांगा."

शिक्षकाच्या जन्मात असा न्याय मागणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. मी पुस्तक पिशवीत घातले आणि लालबागला घरी आले.

पुस्तक इंग्रजी होते, 'स्पायडरमॅन: इंडिया'. २००४ साली ही चार अंकांची मालिका आपल्याकडे निघाली होती. त्यातला हा अंक त्याच्या मामाने जपून ठेवलेला. अमेरिकेत १९६२ साली जन्मलेल्या त्या कोळी-माणसाला शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी मुंबईत आणला. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला. खेड्यातून शिष्यवृत्तीवर शिकायला आलेला गरीब मुलगा, भीमकाका, मायाकाकू आणि शक्ती देणारा एक योगी. अंगात कोळ्याचा पोशाख आणि कमरेला चक्क धोतर!

चित्रे मला आवडली, हे आधीच सांगून टाकते. कांग यांच्या रेषेत जोर आहे. वाऱ्याने फुगलेले धोतर आणि खाली पसरलेले शहर, हे पाहून चाळीतल्या कोणत्याही मुलाचा श्वास अडकेल. पण कथा? ती वाचताना मला सारखे वाटत होते की, हा पाहुणा आपले धोतर नेसून बसला आहे खरा, पण जेवतो मात्र त्याच्याच घरचे. पीटरचा काका मरतो, म्हणून भीमकाकाही मरतो. शत्रूला राक्षसाचे रूप दिले आहे, पण तो वागतो मूळच्या शत्रूसारखाच. घटना आधी ठरलेल्या. त्यांना नावे तेवढी आपली मिळालेली.

हा निकाल मी त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी सांगितला असता. पण दिवाळीची साफसफाई निघाली, पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली आणि माझी पंचाईत झाली. पेटीत थोरल्या भावाचे वेताळ होते.

ज्यांचे बालपण माझ्या आगेमागे गेले त्यांना 'इंद्रजाल कॉमिक्स' हे नाव पुरे आहे. बोरीबंदरासमोरच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने मार्च १९६४ मध्ये ही माला सुरू केली आणि १९९० साली ती बंद पडली. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि आणखी काही भाषांतून ती निघे. पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे. मँड्रेक जादूगार वगैरे मंडळी मागाहून आली. अस्सल देशी नायक यायला १९७६ साल उजाडले. तो आबिद सुरतींचा बहादूर. त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणियांची. अंगात भगवा कुडता, खाली जीन्स, आणि बाप दरोडेखोर! त्या बापाची सावली अंगावरून झटकणारा हा मुलगा मला आजही आवडतो.

पण वेताळाची गोष्ट निराळी. ली फॉक यांनी १९३६ साली हा नायक रचला. वर्तमानपत्रातल्या रोजच्या पट्ट्या कापून त्या इंद्रजालच्या पानावर बसवीत. त्यामुळे तीन-चार चौकटींत एक श्वास आणि लगेच दुसरा, अशी त्या कथेची चाल. साय बॅरींच्या चित्रांत काळी शाई मुबलक. झाडी बरीचशी काळी, गुहा काळी, त्यातून मुखवट्याचे डोळे तेवढे पांढरे. आजच्या गुळगुळीत कागदावर रंगांची नुसती दिवाळी असते. तिथे अंधार शोधावा लागतो.

मूळ इंग्रजीत त्याला 'चालते भूत' म्हणत. आपल्या भाषांतरात त्याचा 'वेताळ' झाला. हे नाव ज्याला सुचले त्याच्या हातावर साखर ठेवावी! गिरणगावात घरटी माणूस कोकणातला. आणि कोकणातला वेताळ म्हणजे काही नुसते भूत नव्हे. तो भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार. रात्री तो शिवेवरून गस्त घालतो, म्हणून त्याला चपलांचे जोड वाहतात, आणि ते झिजतात अशी श्रद्धा आहे. माझ्या आजीने एकदा अंकाचे मुखपृष्ठ पाहून विचारले होते, "आपलो वेताळ घोड्यावर कधी बसूक लागलो?" धोतर न नेसताच तो आमच्या घरचा झाला होता.

आता दोष. गोऱ्या माणसाने जंगलात सिंहासनावर बसावे आणि काळ्या माणसांनी त्याला देव मानावे, हे आज वाचताना घशाखाली उतरत नाही. संपादकांनाही काही गोष्टी खुपल्या असाव्यात. त्यांनी 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' केले आणि 'बंगाला' देशाचे 'डेंकाली'. नावे बदलली, सिंहासन मात्र तिथेच राहिले. हा दोष मी वर्गात सांगेन आणि झाकणार नाही.

तरीही कथेचा कणा पक्का आहे. वेताळ अमर नाही. १५३६ साली चाच्यांनी बापाला मारले, तेव्हा पहिल्याने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. तो मेला की त्याचा मुलगा तेच कपडे चढवतो, म्हणून जगाला वाटते की हा मरतच नाही. असा हा एकविसावा. अमेरिकेत १९९२ साली सुपरमॅनला वाजतगाजत मारले आणि पुढच्याच वर्षी उठवून बसवले. तशी फसवणूक इथे नाही. बाप जातो तो जातोच.

माझा भाऊ ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायचा. आमचे वडील गिरणीत साचाखात्यात होते. मुलगा मोठा झाला की बदलीत नाव लावायचे आणि पुढे बापाच्या जागी उभे राहायचे, ही गिरणगावची रीत. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा. वडील पुन्हा आत गेले नाहीत. त्यांची खाकी अर्धी विजार आईने बरीच वर्षे घडी करून ठेवली, आणि मग एका दिवाळीत तिची फडकी केली. त्या दिवशी भावाने एक अंक काढून मला वाचून दाखवला होता. कोणता, ते मला आठवत होते. पेटीत तो वरच होता.

सुट्टी संपल्यावर मी मुलाला त्याचे पुस्तक परत दिले. "चित्रे चांगली, गोष्ट उसनी," असे सांगितले. तो वाद घालू लागला. मी त्याला वेताळाचा तो अंक दिला. एक पान सुटलेले आहे, जपून उघड, म्हटले.

चार दिवसांनी तो आला. "बाई, रंग अगदीच फिके आहेत," असे म्हणून जरा घुटमळला आणि मग विचारू लागला, "पण ह्याच्या मुलाला ते कपडे नकोच असले तर?"

अंक अजून त्याच्याकडेच आहे.