सारखा नियम, लांबलचक रांग: ग्रीन कार्डचा छोटा इतिहास

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या ओळखीच्या कुणाला विचारा, "ग्रीन कार्डचं कुठवर आलं?" बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "रांगेत आहे." ही रांग आली कुठून? त्यासाठी शंभरेक वर्षं मागे जाऊ.

१९१७ च्या कायद्याने अमेरिकेने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून होणारं स्थलांतर बंद केलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्वही नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं. भारताचा कोटा होता वर्षाला १००!

मोठा बदल १९६५ चा. मूळ देश बघून कमी-जास्त कोटा देण्याची पद्धत रद्द झाली आणि पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला एकच कमाल मर्यादा मिळाली, वर्षाला २०,०००. शंभरावरून इथवर येणं ही साधी गोष्ट नव्हती.

मग १९९० चा कायदा आला. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात जोडीदार आणि मुलंही धरायची, आणि एका देशाला मर्यादा ७ टक्के. याच कायद्यात एच-१बी व्हिसाची मुदत सहा वर्षं ठरली. हा व्हिसा तात्पुरता, पण कायमचं राहायची इच्छा असली तरी चालतं. विद्यार्थी व्हिसाचं तसं नाही. तिथे 'मी परत जाणार' हे पटवून द्यावं लागतं.

आता गणित बघा. भारत आणि आइसलँड, दोघांना मर्यादा तीच. शिवाय देश मोजतात तो जन्माचा. इतरांच्या उरलेल्या जागा मिळाल्या तरी भारतीय अर्जांपुढे त्या पुरत नाहीत. शेवटी २००० मध्ये तरतूद झाली की ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचली असेल, तर सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढवता येईल. म्हणजे रांग कमी झाली नाही, रांगेत उभं राहायची मुदत तेवढी वाढली. आणि त्यात मुलं मोठी होतात. २१ वर्षं पूर्ण झाली की आई-वडिलांच्या एच-१बीवर अवलंबून असलेला व्हिसा संपतो.

संशोधनाचा विषय शोधताना 'नियम सर्वांना सारखा' असं वाक्य दिसलं, की एकक तपासा. इथे समानता देशादेशांमध्ये आहे, माणसामाणसांमध्ये नाही. १९६५ मध्ये ज्या एककाने भेदभाव कमी केला, त्याच एककाने आज रांग वाढवली आहे. प्रश्न तिथूनच सुरू होतो.