सायकलचं चाक काढायचंय, पण लिव्हर ओळखीचा नाही? आधी यंत्रणा ओळखा

गिअरची सायकल घेतली की पहिल्या पंक्चरलाच हा प्रश्न समोर येतो. चाकाच्या मधोमध नेहमीचं नट नसतं, एक छोटा लिव्हर असतो. तो ओढायचा, फिरवायचा की दाबायचा? यूट्यूबवर व्हिडिओ सापडतात, पण त्यातला लिव्हर आपल्यासारखा नसतो. कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या लिव्हरच्या मागे वेगवेगळ्या यंत्रणा असतात.

चाक काढणं तसं सोपं आहे. धोका असतो तो परत लावताना. चुकीच्या पद्धतीने आवळलेलं चाक सायकल उभी असताना घट्टच वाटतं आणि रस्त्यावर खड्ड्यात किंवा उतारावर सुटू शकतं. म्हणून आधी ओळख, मग हात.

पहिलं काम: फोटो

काहीही उघडण्याआधी मी चाकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढतो. लिव्हर कोणत्या बाजूला आहे, बंद असताना कुठे तोंड करून आहे, हे परत लावताना आठवत नाही. मग फ्लॅश लावून लिव्हर आणि त्याच्या समोरचं टोक झूम करून बघा. तिथे बऱ्याचदा बारीक अक्षरांत नाव किंवा माप कोरलेलं असतं. ‘सायकलचं चाक कसं काढायचं’ असं शोधण्यापेक्षा ते नाव शोधलं, तर थेट कंपनीचं मॅन्युअल मिळतं.

आता चाक जिथे बसतं ती फोर्कची टोकं बघा. टोकाला खालून उघडी खाच असेल, तर बहुतेक वेळा तो साधा क्विक रिलीज. चारी बाजूंनी बंद, गोल भोक असेल, तर तो थ्रू ॲक्सल.

प्रकार १: साधा क्विक रिलीज

इटलीचा सायकलपटू तुल्यो कांपान्योलो याच्या नावावर हा शोध आहे. १९२७ मध्ये एका शर्यतीत, डोंगरातल्या थंडीत बोटं गारठल्यामुळे त्याला चाकाचं नट सोडवता आलं नाही, अशी गोष्ट सांगितली जाते. १९३० मध्ये त्याचा क्विक रिलीज आला. आजही रचना जवळपास तीच आहे. पोकळ ॲक्सलमधून साधारण ५ मिमी जाडीची सळई जाते. तिच्या एका टोकाला लिव्हर, दुसऱ्या टोकाला नट. लिव्हरच्या मुळाशी कॅम, म्हणजे मध्यापासून थोडा सरकलेला गोल भाग असतो. लिव्हर मिटला की तो सळई ओढून धरतो आणि फोर्कची दोन्ही टोकं चाकावर आवळली जातात.

काढताना:

१. लिव्हर बाहेरच्या बाजूला पूर्ण उलटा करा, म्हणजे अर्धं वर्तुळ. गोल फिरवू नका.
२. तरीही पुढचं चाक निघत नसेल, तर ओढाताण करू नका. फोर्कच्या टोकांना छोटे ओठ मुद्दाम दिलेले असतात. लिव्हर चुकून उघडला तरी चाक लगेच पडू नये म्हणून. लिव्हर एका हाताने धरून समोरचं नट काही फेरे सैल करा.
३. सायकल उचला, चाक खाली येईल.

नट पूर्ण काढायची गरज नाही. काढलंच तर दोन निमुळत्या स्प्रिंग पडतात. त्या परत लावताना दोन्हींचं अरुंद तोंड चाकाकडे ठेवा.

लावताना लिव्हर सळईच्या सरळ रेषेत, म्हणजे अर्ध्यावर आला की जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे. पूर्ण मिटल्यावर तळहातावर त्याचा वळ उमटला पाहिजे. एका बोटाने मिटत असेल तर चाक सैल आहे. लिव्हर उघडा, नट थोडं आवळा, पुन्हा मिटा. लिव्हर उघडा ठेवून पान्यासारखा फिरवत आवळणं ही सगळ्यात घातक पद्धत. त्यात कॅमचा दाब तयारच होत नाही.

प्रकार २: आट्यांचा थ्रू ॲक्सल

इथे सळईऐवजी जाड ॲक्सलच आरपार जातो, पुढे बहुतेक १२ किंवा १५ मिमीचा आणि मागे १२ मिमीचा. त्याच्या टोकाचे आटे फोर्कमध्येच बसतात. लिव्हर उघडायचा, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा आणि ॲक्सल पूर्ण बाहेर ओढायचा. तो निघाल्याशिवाय चाक हलणार नाही.

यातही फरक आहेत. रॉकशॉक्सच्या लिव्हरवाल्या मॅक्सलमध्ये फिरवून बसवल्यावर शेवटी लिव्हर मिटून दाब द्यावा लागतो. डीटी स्विसच्या आरडब्ल्यूएसमध्ये कॅम नसतोच. लिव्हर फक्त फिरवायची मूठ असते, बाहेर ओढून तिची दिशा बदलता येते. काहींना लिव्हरच नसतो, ॲलन की लागते.

प्रकार ३: दाबून निघणारा

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. एसआर सनटूरच्या क्यू-लॉकमध्ये गोल भोक आहे, पण फोर्कमध्ये आटे नाहीत. त्यामुळे लिव्हर कितीही फिरवला तरी ॲक्सल बाहेर येत नाही. लिव्हर उघडून ॲक्सल आत दाबायचा. समोरचं टोक बाहेर डोकावतं, तिथे पसरलेले छोटे पंख दिसतात. टोकाचं नट फिरवून पंख आत मिटले की ॲक्सल लिव्हरच्या बाजूने ओढून काढायचा.

डिस्क ब्रेक असेल तर

चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात. मधे जाड पुठ्ठ्याची घडी ठेवा. नुकतीच चालवलेली सायकल असेल तर डिस्क तापलेली असते, हात लावू नका.

साध्या क्विक रिलीजचा लिव्हर डिस्कच्या बाजूला असेल, तर आणखी एक तपासणी करा. लिव्हर पूर्ण उघडा आणि तो आणि डिस्क यांच्यामध्ये पेन्सिल, म्हणजे सुमारे ६ मिमी, जाते का बघा. २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने एकट्या अमेरिकेत सुमारे ९ लाख सायकली याच कारणासाठी परत बोलावल्या. सैल पडलेला लिव्हर फिरत्या डिस्कमध्ये अडकून पुढचं चाक जागीच थांबू शकत होतं. पेन्सिल जात नसेल तर क्विक रिलीज बदलून घ्या.

मागचं चाक

काढण्याआधी चेन मागच्या सर्वात लहान दातेरी चक्रावर आणा. मग गिअरची यंत्रणा हाताने मागे ओढून धरली की चाक सहज उतरतं.

निघण्याआधी

पुढचा भाग उचला आणि चाकावर वरून तळहाताने दोन जोरदार थापा मारा. जरा जरी हललं, तर पुन्हा उघडून बसवा. चाक फिरवून डिस्क घासत नाही ना ते ऐका, ब्रेक दोनदा दाबून बघा. शेवटी आधी काढलेल्या फोटोशी लिव्हरची जागा जुळवा. एवढ्याला एक मिनिटही लागत नाही.