दाढीचा कुंचला

मराठवाड्यांतील जुन्या वारिकाच्या धोकटींत वस्तरा, कातर, नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी एवढें सामान असे, कुंचला नसे. ओल्या बोटांनीं गाल चोळचोळून तो दाढी मऊ करी, आणि धार चांगली असली म्हणजे साबणावांचून काम निभे. मोबदला सुगीच्या वेळीं बलुत्याच्या धान्यांत मिळे.

फेंसाची चैन मागाहून आली. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग नांदेडवरून गेला, १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातुरास पोंचली, आणि विलायती मालास या पेठांची वाट मोकळी झाली. नांदेड हें तर गुरु गोविंदसिंहांच्या निर्वाणाचें क्षेत्र. १७०८ पासून तेथें ज्यांची श्रद्धा जडली त्या शीखांस केंसांस शस्त्र लावणेंच वर्ज्य. इतरांपुढें मात्र प्रश्न होता कीं, हातांतला कुंचला कोणत्या जनावराच्या केंसांचा?

उत्तम कुंचला बॅजर नांवाच्या, बिळांत राहणाऱ्या प्राण्याच्या केंसांचा. फ्रेंच भाषेंत त्या प्राण्यास व दाढीच्या कुंचल्यास शब्दच एक आहे. हा केंस टोंकाशीं निमुळता व मऊ, मध्यें जाड असतो. त्यामुळें झुपक्यांत पाणी पुष्कळ सांठतें आणि फेंस गालावर हळूहळू उतरतो. डुकराचा केंस राठ. तो स्वतःच पाणी पितो, म्हणून आधीं कांहीं मिनिटें भिजवावा लागतो. कोरडाच वापरला तर साबणांतील ओलावा शोषून फेंस मारतो. वापरानें त्याचीं टोंकें फाटून मऊ होतात, आणि मग तोच कुंचला मोठा गुणी ठरतो. कानपूर हें या केंसांच्या व्यापाराचें मोठें केंद्र. परंतु मुसलमान गृहस्थास तो कितीही गुणी असला तरी तोंडास लावणें अशक्य, आणि सोंवळ्याच्या हिंदु घरींही त्याचें स्वागत होण्याजोगें नव्हतें. त्यांस घोड्याचा केंस बरा.

पण घोड्याच्या केंसानेंच जगास दगा दिला. पहिल्या महायुद्धांत बॅजरचे केंस दुर्मिळ झाले, तेव्हां घोड्याचे केंस तसे दिसतील असे रंगवून विकण्यांत आले. ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. वस्तऱ्याच्या बारीकशा जखमेंतून काळपुळीचे जंतु शिरून इंग्लंड-अमेरिकेंत माणसें दगावलीं. त्यांत सैनिकही होते. १९२० सालीं इंग्लंडनें जपानी कुंचल्यांची आयातच बंद केली. स्वस्त वस्तूची किंमत अशी कोणी भलताच चुकवितो.

१९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉनचे तंतु दांतांच्या ब्रशांत आले, आणि पुढें दाढीच्या कुंचल्यांतही कृत्रिम तंतु शिरले. त्यामुळें जनावराचा प्रश्न मिटला, जंतूंचीही धास्ती राहिली नाहीं. हा तंतु पाणी पीत नाहीं. तंतूंच्या फटींत राहील तेवढेंच धरतो, फेंस चटकन सोडतो आणि लौकर वाळतो. मराठवाड्यांत खोल विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड. त्यांत साबण फुटतो व फेंस धरत नाहीं. तेथें कुंचला कोणताही असो, साबण अधिक व पाणी थेंबाथेंबानें घालावें लागतें. एप्रिल २०१६ मध्यें ज्या लातुरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, तेथें दाढीस वाटीभर पाणी पुरविणारा कुंचलाच कामाचा.