श्टोर्ख निरीक्षण विमानाचा अपघात

(एप्रिल १९४५). दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत घडलेली घटना. अमेरिकन तोफखान्याच्या पायपर एल-४ या हलक्या विमानातून टेहळणी करणाऱ्या ड्युएन फ्रान्सिस व विल्यम मार्टिन यांस खाली फीझलर श्टोर्ख हे जर्मन निरीक्षण विमान दिसले. एल-४ वर शस्त्रे नसल्याने दोघांनी पिस्तुलांनीच गोळीबार केला. जमिनीलगत वळताना श्टोर्खचा पंख भूमीस आदळून ते मोडून पडले. फ्रान्सिस यांनी शेजारीच विमान उतरविले, आतील दोघांस कैद केले आणि जखमी निरीक्षकाच्या पायास मलमपट्टी केली. त्यांस शौर्यपदक मिळाले, ते १९६७ मध्ये. तोफमाऱ्याच्या निरीक्षणासाठी अशा विमानांस सावकाश व कमी उंचीवरून उडावे लागे. त्यामुळे तोल सावरण्यास अवधी अपुरा पडे. भारतात हे काम ऑस्टर व पुढे कृषक विमानांनी केले.