दुभंगलेला चंद्र आणि मोजलेला चंद्र

मागच्या वेळी आपण चमत्कार आणि कार्यकारणभाव यांविषयी बोललो. त्यानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला. ते लिहितात, "सर, पैगंबरांच्या काळात चंद्र दुभंगला, अशी आमची श्रद्धा आहे. अमेरिकेतल्या माया लोकांनी तो पाहिला आणि नोंदवून ठेवला, असा एक संदेश मला मोबाइलवर आला. हे खरं का?"

उत्तर एका शब्दात देता येतं. नाही. आजवर जे माया लेख वाचले गेले आहेत त्यांत अशी नोंद नाही. पण असं एका शब्दाचं उत्तर मी पूर्वी एकदा देऊन बसलो आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावी शिकवत होतो. ह्यूमचं चमत्कारावरचं विवेचन चाललं होतं. मागच्या बाकावरच्या एका मुसलमान विद्यार्थ्याने उभं राहून विचारलं, "सर, मग चंद्राचं काय?" मी म्हणालो, "चंद्र दुभंगला असता तर जगाने पाहिला असता, बस खाली." वर्ग हसला. तो मुलगा पुन्हा माझ्या तासाला आला नाही. माझं वाक्य चुकीचं होतं की बरोबर, हे मी नंतर बरीच वर्षं तपासत राहिलो. ते अर्धवट होतं. आज ते पूर्ण करायचा प्रयत्न करतो.

आधी श्रद्धा नेमकी काय आहे ते पाहू. कुराणाच्या ५४व्या सूरेचं नावच 'अल्-कमर', म्हणजे चंद्र. तिच्या आरंभी, घटका जवळ आली आणि चंद्र दुभंगला, अशा आशयाचं विधान येतं. हदीसच्या प्रमाण संग्रहांत अब्दुल्ला इब्न मसऊद हे सहकारी आपण ही घटना पाहिल्याचं सांगतात. मक्केच्या लोकांनी खूण मागितली, चंद्राचे दोन भाग झाले, आणि तरीही न मानणारे त्याला जादूच म्हणाले, अशी ती कथा. परंपरा ती हिजरतीच्या, म्हणजे इ. स. ६२२ च्या, काही वर्षं आधीची मानते. बहुसंख्य भाष्यकारांनी हे घडून गेलेलं मानलं. पण हे कयामतच्या दिवसाविषयी आहे, असं वाचणारेही जुन्या काळी होते. म्हणजे वाचन एकच नव्हतं.

आता माझ्या त्या वाक्याकडे येतो. "जगाने पाहिला असता" हा आक्षेप मला वाटला होता आधुनिक, माझ्यासारख्या शिकलेल्याचा. पण तो नवव्या शतकात एका मुसलमान विचारवंतानेच घेतला होता! मुताझिला पंथातला अन्-नज्जाम. त्याचं म्हणणं असं, की ही खूण सगळ्या जगासाठी असेल तर ती एका माणसाने सांगावी आणि बाकीच्यांना तिचा पत्ता नसावा, हे कसं? लोकांनी त्या वर्षापासून कालगणना का सुरू केली नाही? कवींनी का गायली नाही? त्याला विरोध झाला, पुष्कळ झाला. पण प्रश्न विचारला गेला आणि ग्रंथांत टिकून राहिला.

त्याला उत्तरंही दिली गेली. बाराव्या शतकात सेउटा इथल्या काझी इयाद यांनी दिलेलं उत्तर मला आवडतं, कारण त्यात भूगोल आहे. ते म्हणतात, घटना रात्रीची. लोक झोपलेले, घरात असलेले. शिवाय चंद्र पृथ्वीवर सगळीकडे एकाच वेळी सारखा दिसत नाही. ग्रहणसुद्धा एका प्रदेशात दिसतं, दुसऱ्यात दिसत नाही.

हेच उत्तर आपण मायांच्या प्रदेशाला लावून पाहू. मक्का साधारण ४० अंश पूर्व रेखांशावर आहे. माया नगरी पालेंके ९२ अंश पश्चिमेला. फरक १३२ अंशांचा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ तासांचं अंतर झालं. प्रचलित कथेत ही रात्र पौर्णिमेची असते. मक्केत रात्रीचे आठ वाजलेत असं धरा. पालेंकेत तेव्हा सकाळचे सव्वाअकरा! पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, त्यामुळे तो तिथे क्षितिजाखाली. मायांनी कितीही डोळे फाडून पाहिलं असतं तरी त्यांना तो दिसला नसता. म्हणजे माया लेखांतल्या मौनाने काहीच खोटं ठरत नाही. आणि अर्थातच काही खरंही ठरत नाही. साक्षीला बोलावलेला माणूस त्या वेळी गावातच नव्हता, एवढंच.

हिंदुस्थानची गोष्ट वेगळी. इथे आपण मक्केच्या अडीचेक तास पुढे. चंद्र इथे डोक्यावर असता. केरळात म्हणूनच चेरमान पेरुमाळ राजाची कथा रुजली असावी. राजाने महालातून चंद्र दुभंगताना पाहिला, अरब व्यापाऱ्यांकडून अर्थ समजून घेतला, आणि तो अरबस्तानात गेला. कोडुंगल्लूरची मशीद आपला आरंभ ६२९ सालचा सांगते. पण सोळाव्या शतकात मलबारचेच शेख जैनुद्दीन मखदूम यांनी 'तुहफतुल मुजाहिदीन' लिहिताना या कथेच्या काळाविषयी शंका घेतली. राजाचं धर्मांतर पैगंबरांच्या हयातीतलं नसावं, बरंच नंतरचं असावं, असं त्यांचं मत. पोर्तुगिजांशी लढायला आपल्या लोकांना हाक देणारा हा माणूस. आपल्या बाजूची गोष्ट आहे म्हणून ती पडताळून न पाहता घ्यावी, असं त्याला वाटलं नाही.

आता तिकडे जाऊ, मायांकडे. इ. स. ६१५ मध्ये, म्हणजे परंपरा ज्या काळात चंद्र दुभंगला असं सांगते साधारण त्याच काळात, पालेंकेच्या गादीवर पाकाल नावाचा बारा वर्षांचा मुलगा बसला. तो ६८३ पर्यंत राज्य करत होता. म्हणजे पैगंबरांचा समकालीन. दोघांना एकमेकांच्या जगाची गंधवार्ता नाही. पण चंद्र एकच.

त्या चंद्राचं माया लोक काय करत होते? मोजत होते. त्यांच्या शिलालेखांत तारखेबरोबर चंद्राची वेगळी नोंद येते. आज अमावास्येपासून कितवा दिवस, सहा-सहा महिन्यांच्या गटातला कितवा महिना, हा महिना २९ दिवसांचा की ३०. वेगवेगळ्या नगरांत महिन्याचा क्रमांक कधीकधी जुळत नसे. आपल्याकडे अमान्त आणि पौर्णिमान्त आहेच, ईदच्या चंद्राचा घोळही दरवर्षी असतो. तेव्हा हे आपल्याला परकं वाटू नये.

त्यांच्या पोथ्यांपैकी आज चारच उरल्या आहेत. १५६२ साली मानी या गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने पोथ्यांची होळी केली. वाचलेल्यांतली एक १७३९ मध्ये व्हिएन्नात ड्रेस्डेनच्या ग्रंथालयासाठी घेतली गेली. तिच्यात ग्रहणांचं कोष्टक आहे. ४०५ चांद्रमास, ११,९६० दिवस. भागाकार करून पाहा. एक महिना २९.५३०८६ दिवसांचा येतो. आजचं मान २९.५३०५९. फरक अर्ध्या मिनिटाहून कमी! आणि हे दुर्बीण नाही, दशांश अपूर्णांक नाही, अशा वेळी. शिवाय ११,९६० म्हणजे त्यांच्या २६० दिवसांच्या पवित्र पंचांगाची बरोबर ४६ आवर्तनं. धर्म आणि गणित तिथे एकाच पानावर बसले आहेत.

मग त्यांच्याकडे प्रतीक नव्हतं का? होतं, भरपूर होतं. अभिजात काळातल्या चित्रांत चंद्रकोरीत बसलेली तरुण देवी दिसते आणि तिच्या मांडीवर ससा असतो. आपण 'शशांक' म्हणतो तो हाच ससा. कोणी कोणाकडून घेतला, असं शोधायला जाऊ नका. चंद्रावरचे डाग दोघांनी पाहिले, दोघांना ससा दिसला. सोळाव्या शतकात लिपिबद्ध झालेल्या 'पोपोल वुह' ग्रंथात मात्र पाताळाच्या राजांना हरवणारे दोन जुळे भाऊ शेवटी सूर्य आणि चंद्र होतात. एका ठिकाणी चंद्र स्त्री, दुसऱ्या ठिकाणी भाऊ. म्हणजे वाचन इथेही एकच नव्हतं. युकातेकी माया भाषेत ग्रहणाला 'चावा' अशा अर्थाचा शब्द आहे. आपला राहू गिळतो, तिकडे कोणी तरी चावतं. ही भीतीची भाषा आहे. पण पोथीतलं कोष्टक त्याच भीतीतून आलं. चावा कधी बसणार हे आधी कळावं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी रात्री जागून दिवस मोजत राहिलं.

कोणी म्हणेल, म्हणजे इस्लामचा चंद्र अपवादाचा आणि मायांचा नियमाचा. इतकं सोपं नाही. इ. स. ६३२ च्या जानेवारीत मदिनेत सूर्यग्रहण झालं. त्याच सुमारास पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम वारला होता. लोक म्हणू लागले, मुलाच्या मृत्यूने सूर्य काळवंडला. विचार करा, एखाद्या नेत्याला याहून सोयीचा चमत्कार कोणता मिळाला असता? काही न बोलता गप्प राहिलं असतं तरी पुरे होतं. पण हदीस सांगते, त्यांनी लोकांना थांबवलं. सूर्य आणि चंद्र या ईश्वराच्या खुणा आहेत, कोणाच्या जन्मामृत्यूसाठी त्यांना ग्रहण लागत नाही, असं सांगून नमाज पढायला सांगितलं. मुलाच्या दुःखात असलेल्या बापाने हे सांगितलं.

पुढे हा वाद तत्त्वज्ञांकडे गेला. ॲरिस्टॉटलच्या मते आकाशातले गोल अभेद्य, त्यामुळे चंद्र दुभंगणं अशक्य. गझालींनी १०९५ च्या सुमारास 'तत्त्वज्ञांची विसंगती' लिहिली आणि विचारलं, विस्तव कापसाला जाळतो हे तुम्ही पाहिलंत की जळणं विस्तवासोबत येतं एवढंच पाहिलंत? ह्यूमच्या साडेसहाशे वर्षं आधी! इब्न रुश्द यांनी त्यांना उत्तर लिहिलं. कारणं नाकारलीत तर ज्ञानच नाकाराल, असं ते म्हणाले. आणि खरा चमत्कार काठीचा साप होण्यात नाही, तो कुराणातच आहे, ही त्यांची भूमिका.

आता मोबाइलवरचा संदेश घ्या. कधी त्यात चंद्रावरच्या भेगेचा फोटो असतो. ती 'रिमा एरियाडेयस' नावाची सुमारे ३०० किलोमीटर लांबीची घळ आहे. चंद्राचा परीघ जवळजवळ ११,००० किलोमीटर. घळ त्याला वळसा घालत नाही. कधी मायांची साक्ष असते. असे संदेश श्रद्धेला मदत करायला निघतात आणि तिला उसन्या पुराव्यावर उभं करतात. उद्या तो पुरावा कोसळला की श्रद्धावानाची मान खाली जाते, त्याची काही चूक नसताना. आणि मायांवरही अन्याय होतो. ज्यांनी अर्ध्या मिनिटाच्या आत महिना मोजला, त्यांना आपण दुसऱ्याच्या खटल्यातले साक्षीदार करून टाकतो. त्यांनी स्वतः काय लिहिलं ते वाचायचं राहूनच जातं.

तर प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. मायांनी तसं काही नोंदवलेलं नाही. तुमच्या श्रद्धेला त्यांच्या नोंदीची गरजही नाही. ती इतिहासाच्या कसोटीवर आणायची की श्रद्धेच्या जागी ठेवायची, हा निर्णय तुमचा. तुमच्याच परंपरेत नज्जाम आहे, काझी इयाद आहेत, गझाली आहेत, इब्न रुश्द आहेत. त्यांना विचारा. आणि संदेश पुढे पाठवू नका.

त्या विद्यार्थ्याचं नाव मला आठवतं, पण इथे घेत नाही. आज तो साठीच्या आसपास असेल. कुठे ऐकत असेल तर त्याला एवढंच सांगतो, बाबा रे, तुझा प्रश्न चांगला होता. मीच तयारी करून आलो नव्हतो.

प्रश्न असतील तर लिहून पाठवा. थांबतो.